सेझिंकोट : घारापुरीच्या खांबांवरचा इंग्रजी पूल (एक प्रकरण अभ्यास)

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, मॉर्टन-इन-मार्श या गावाजवळ, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उतारावर सेझिंकोट नावाची इस्टेट आहे. आजूबाजूला मेंढ्यांची कुरणे, ओकची झाडी, पिवळसर दगडांची छोटी खेडी. आणि त्यात एक घर, ज्याच्या माथ्यावर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट आहे, कोपऱ्यांवर खांबांवर तोललेल्या लहान घुमटांच्या छत्र्या आहेत, भिंतीबाहेर खोल छज्जा आला आहे आणि खिडक्यांच्या कमानी मोराच्या पिसाऱ्यासारख्या उमलल्या आहेत. घर १८०५च्या सुमारास आकाराला येऊ लागले. नेपोलियनशी युद्ध चालू होते, इंग्रज कवी डोंगरदऱ्यांत भटकत होते, आणि इंग्रज जमीनदार आपली बाग चित्रासारखी दिसावी म्हणून नद्यांचे पात्र वळवत होते, तो हा काळ.

या प्रकरणात मला दोन गोष्टींचा छडा लावायचा आहे. त्या काळच्या लोकांना हे घर इतके का भावले? आणि एवढे भावूनही तसली घरे इंग्लंडभर का उभी राहिली नाहीत? दोन्हींचे उत्तर मला एकाच ठिकाणी सापडते. सेझिंकोट हे चित्रे पाहून बांधलेले घर आहे.

कॉकरेल बंधू

इस्टेट आधी घेतली कर्नल जॉन कॉकरेलने, बंगालमधून परतल्यावर, १७९५मध्ये. तीन वर्षांतच तो वारला. मालमत्ता भावंडांत वाटली गेली आणि १८०१मध्ये चार्ल्स कॉकरेलने इतरांचे हिस्से विकत घेऊन ती स्वतःकडे ठेवली. चार्ल्सनेही तारुण्य कलकत्त्यात घालवले होते. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी, तिथल्या टपाल खात्याचा कारभार, आणि त्याहून मोलाची भागीदारी म्हणजे पॅक्स्टन-कॉकरेल ही पेढी. कंपनीच्या नोकरांनी भारतात कमावलेला पैसा सुखरूप इंग्लंडला पोचवणे हा अशा पेढ्यांचा मोठा धंदा होता. सेझिंकोटच्या प्रत्येक दगडामागे हा पैसा आहे. चार्ल्स ज्या बंगालमध्ये कमावता झाला, तो १७७०च्या दुष्काळातून नुकताच सावरत होता. हे डोळ्यांआड करून या घराचे कौतुक करता येत नाही, आणि मला ते करायचेही नाही.

तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल वास्तुरचनाकार होता. भारतात न जाताही तो भारतातून परतलेल्यांचा खास माणूस बनला. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचे डेल्सफर्ड हे घर त्याने सेझिंकोटपासून जवळच बांधले, आणि त्यावर लहानसा घुमट चढवला. चार्ल्सचा भागीदार विल्यम पॅक्स्टन याचे वेल्समधले मिडलटन हॉलही त्याचेच. १८०६मध्ये तो कंपनीचा सर्वेक्षक झाला.

म्हणजे चार्ल्सकडे पैसा होता, जमीन होती, घरचाच वास्तुरचनाकार होता. त्याच्यापुढे रूढ मार्ग दोन होते. एक ग्रीक-रोमन धाटणीचा, खांब आणि त्रिकोणी शिरोभाग असलेला. त्यावर कुणी बोट ठेवले नसते. दुसरा गॉथिक, टोकदार कमानींचा. जुन्या मठांच्या अवशेषांवर जीव जडलेल्या पिढीत त्याला मान वाढत होता. भारतातून पैसा घेऊन आलेले बहुतेक जण पहिल्या मार्गाने गेले, आणि त्याचे कारण सरळ आहे. या 'नबाबां'बद्दल इंग्लंडमध्ये राग आणि मत्सर दोन्ही होते. हेस्टिंग्जवर संसदेत १७८८पासून १७९५पर्यंत खटला चालला होता. निर्दोष सुटला तरी सात वर्षे कंपनीच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली गेली. अशा वेळी शहाणा माणूस आपला पैसा कुठून आला ते झाकतो. चार्ल्सने तो घराच्या माथ्यावर घुमट करून बसवला. हे धाडस त्याला कशामुळे झाले?

काका-पुतण्यांनी आणलेला भारत

इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६मध्ये कलकत्त्यात उतरले, तेव्हा विल्यम अजून पोरसवदाच होता. पुढची सात वर्षे दोघे चित्रे काढत फिरले. गंगेच्या काठाने वर जात थेट गढवालपर्यंत, मग दक्षिणेत म्हैसूर-मदुराईकडे, आणि शेवटी १७९३मध्ये मुंबईला. प्रमाण चुकू नये म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्यूरा, म्हणजे समोरचे दृश्य भिंगातून कागदावर पाडणारी पेटी, वापरत. इंग्लंडला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी 'ओरिएंटल सिनरी' हा संग्रह भागाभागांत काढला. एकूण १४४ चित्रे, सारी अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लाने तो कोरतात. त्यामुळे नुसत्या रेषांऐवजी जलरंगासारख्या छटा छापता येतात, आणि वरून हाताने रंग भरतात. उन्हातला पिवळा दगड, सावलीतला निळसर छज्जा, पावसाळी आभाळ हे सारे त्यामुळे लंडनच्या दिवाणखान्यात जसेच्या तसे पोचले.

रोमँटिक काळाची नजर या चित्रांसाठी जणू तयारच बसली होती. विल्यम गिल्पिन, युव्हडेल प्राइस, रिचर्ड पेन नाइट यांनी निसर्गाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहायला शिकवले होते. वेडेवाकडे झाड, पडकी भिंत, खडबडीत पोत, अचानक उघडणारे दृश्य यांना त्यांनी सौंदर्यात जागा करून दिली. त्याही आधी, १७५७मध्ये, एडमंड बर्कने अंधार, अवाढव्यपणा आणि अस्पष्टता यांतून येणारा थरार सुंदरतेपासून वेगळा काढून दाखवला होता. हेस्टिंग्जवरचा खटला लढवला तोही हाच बर्क. एका शेजाऱ्याला त्याने सात वर्षे छळले, तर दुसऱ्या शेजाऱ्याच्या बागेमागचा विचार त्याच्याच लेखणीतून उतरला होता.

आता एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. चार्ल्स कॉकरेल राहिला कलकत्त्यात. तिथल्या इंग्रज वस्तीत त्याला रोज काय दिसत असेल? पांढऱ्या चुन्याचे उंच खांब, ग्रीक धाटणीचे वाडे, झिलमिलीच्या खिडक्या. सेझिंकोटवरचे घुमट, छत्र्या आणि छज्जे हे दिल्ली-आग्र्याकडचे. ते कलकत्त्यातल्या त्याच्या दारासमोर नव्हते. पुलाचे खांब तर मुंबईच्या खाडीतल्या बेटावरचे. आणि सेझिंकोटच्या आत गेलो की खोल्या ग्रीक धाटणीच्या! लोखंडी तुळयांवर तोललेला देखणा जिना, वरच्या मजल्यावरची बैठकीची दालने, गिलाव्याची नक्षी हे सगळे त्या काळच्या कुठल्याही श्रीमंत इंग्रजाच्या घरी शोभले असते. म्हणजे चार्ल्स आत राहत होता कलकत्त्यासारखाच, आणि बाहेरून घातला होता डॅनियलांचा भारत. त्याला हव्या असलेल्या आठवणींचा पुरवठा चित्रांनी केला. म्हणूनच मी हे घर चित्रांतून बांधलेले म्हणतो.

बाहेरच्या बाजूचे काम मात्र वरवरचे नाही. सॅम्युअलने मुघल इमारतींचे अवयव अभ्यासपूर्वक उचलले आहेत. छज्ज्याखालच्या ब्रॅकेटांची ओळ सलग आणि सम अंतराची आहे. घराच्या बाजूने अर्धवर्तुळात वळत जाणारे काचघर, संत्र्याची झाडे ठेवण्यासाठीचे, एका अष्टकोनी मंडपाशी संपते, आणि तिथेही तीच पिसाऱ्याची कमान पुन्हा पुन्हा येते. दगडाला भारतीय इमारतींचा रंग यावा म्हणून त्याला मुद्दाम केशरट छटा दिल्याचे सांगतात. कॉट्सवोल्डचा दगड मुळात मधासारखा असतो, त्यामुळे ढगाळ इंग्रजी दिवसातही भिंत उन्हात असल्यासारखी वाटते.

पूल

घरापेक्षाही मला या इस्टेटीतली बाग जास्त बोलकी वाटते. ती थॉमस डॅनियलने स्वतः मांडली. हम्फ्री रेप्टन या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या बागरचनाकाराचाही सल्ला घेतला होता. पण दरीतल्या वास्तू डॅनियलच्या.

टेकडीतून झरा येतो. वरच्या तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ आहे. पाणी तिथून खाली उतरते, घराकडे जाणाऱ्या रस्त्याखालून जाते, आणि पुढच्या तळ्यात पोचते. तिथे पाण्याच्या मध्यावर झाडाच्या खोडाला वेटोळे घातलेला तीन फण्यांचा नाग आहे. रस्ता जिथे ओढा ओलांडतो तिथे पूल, आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले.

गाडीतून येणाऱ्याला फक्त नंदी दिसतात. पायी फिरणारा मात्र ओढ्याच्या काठाने खाली उतरतो आणि पुलाच्या पोटात शिरतो. तिथे पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत जाता येते, बसायला जागा आहे, आणि दोन्ही बाजूंना जाड, दणकट खांब आहेत. हे खांब घारापुरीच्या लेण्यावरून घेतलेले.

ज्याने घारापुरी पाहिली आहे त्याला पुलाखालची ही कल्पना चटकन समजते. बोटीतून उतरून, पायऱ्या चढून, उन्हाने डोळे दिपलेले असताना आपण लेण्यात पाऊल टाकतो, आणि काही क्षण काहीच दिसत नाही. मग खांबांच्या रांगा हळूहळू पुढे येतात. खाली चौकोनी, वर गोल खाचांचे अंग, आणि माथ्यावर डोंगराच्या भाराने दबल्यासारखी फुगीर उशी. खरे तर त्या खांबांवर कुणी काही ठेवलेले नाही. कातळ कोरून काढताना ते उरवलेले आहेत. तरी भार जाणवतो. सहाव्या शतकातल्या त्या कारागिरांनी दगडाला वजन सोसताना दाखवले आहे. डॅनियलने नेमका हा परिणाम उचलला. उजेडातून अंधारात येणे, डोक्यावरच्या ओझ्याची जाणीव, पाण्याचा घुमणारा आवाज. फरक इतकाच की सेझिंकोटचे खांब रचलेले आहेत आणि वरचा रस्ता ते खरोखरच पेलतात. बर्कने वर्णिलेला थरार इंग्लंडच्या एका शांत दरीत घडवायचा तर यापेक्षा चांगली युक्ती मला सुचत नाही.

नंदीची गोष्ट वेगळी आहे. नंदीची जागा गाभाऱ्यासमोर, आणि एका महादेवापुढे एक नंदी. पुलाच्या कठड्यावर ते बसवले आहेत ते, माझ्या मते, तिथे त्यांची आकृती आकाशावर उठून दिसते म्हणून. वर सूर्य, मध्ये शिवाचे वाहन, खाली नाग, आणि शेजारी मुघल घुमटाचे घर. आपल्याकडचा साधा भाविकही ही मांडणी पाहून थबकेल. पण ज्याने ती केली त्याला भारताची ओळख नव्हती असे म्हणता येत नाही. सात वर्षे तो भारतभर फिरला होता. त्याने पूजा बाजूला ठेवून आकार घेतले.

पुण्याचा धागा

घारापुरी सेझिंकोटला पोचण्यात एका पुणेकर वर्तुळाचा हात आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१मध्ये मुंबईला आला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यामुळे त्याला दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. पुण्यात चित्रशाळा सुरू झाली, आणि तिथला सर्वांत गुणी हात होता गंगाराम चिंतामण तांबट याचा. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत. डॅनियल काका-पुतणे १७९३मध्ये मुंबईला आले तेव्हा वेल्सच त्यांचा सोबती होता. लेणी त्यांनी त्याच्याबरोबर पाहिली. वेल्स १७९५मध्ये वारला. पुढे त्याच्या मुलीशी मॅलेटने लग्न केले, आणि वेल्सचे काम इंग्लंडला थॉमस डॅनियलच्या हाती आले. त्यावरून वेरूळच्या २४ चित्रांचा संग्रह डॅनियलने १८०३मध्ये प्रसिद्ध केला. १८०५मध्ये त्याने मोठे तैलचित्र पूर्ण केले : १७९०च्या तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार, सवाई माधवरावांसमोर मॅलेट. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

सालांकडे पाहा. १८०३मध्ये वेरूळ, १८०५मध्ये पेशव्यांचा दरबार, आणि त्याच सुमारास सेझिंकोट. एकाच टेबलावर या तिन्ही कामांचे कागद पसरलेले असणार. पुलाखालच्या खांबांमागे केवळ एका प्रवासाची स्मृती नाही. लेण्यांचे मोजमाप घेत बसलेल्या पुण्याच्या मंडळींची कित्येक महिन्यांची मेहनतही त्या अभ्यासात मिसळली आहे. इंग्लंडमध्ये छापलेल्या पानांवर नाव वेल्सचे आणि डॅनियलचे आले. तांबटांचे नाव अलीकडच्या अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणले, आणि ते घेतल्याशिवाय या इस्टेटीची हकीकत पुरी होत नाही.

राजपुत्र आणि रेप्टन

सेझिंकोटबद्दल सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी : प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे राजा झालेला चौथा जॉर्ज) १८०७मध्ये इथे आला, घर पाहून भारावला, आणि म्हणून ब्रायटनचा त्याचा प्रसिद्ध महाल भारतीय धाटणीत झाला. गोष्ट सुटसुटीत आहे, पण सालांशी जुळत नाही. ब्रायटनला विल्यम पोर्डनने राजपुत्राचे घुमटाचे भव्य तबेले १८०३मध्येच सुरू केले होते, तेही भारतीय धाटणीत.

खरा दुवा रेप्टन आहे. ब्रायटनचे आपले आराखडे त्याने १८०८मध्ये प्रसिद्ध केले, त्यात त्याने हे स्वतः लिहून ठेवले आहे. सेझिंकोटच्या मालकाने सल्ल्यासाठी बोलावले तेव्हा हा विषय त्याला पूर्ण नवा होता. डॅनियलची चित्रे पाहून त्याला नवे सौंदर्य सापडले, आणि भारताच्या अंतर्भागातल्या इमारतींची ओळख झाल्यामुळे वास्तुकला आणि बागरचना या दोन्ही कला मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर आहेत, अशी त्याची खात्री पटली. सेझिंकोटच्या शैलीशी त्याचे मन नुकतेच रुळले होते, तोच राजपुत्राचे ब्रायटनचे बोलावणे आले. हे १८०५चे वर्षअखेर. पुढच्या वर्षी त्याने आराखडे सादर केले, राजपुत्र खूश झाला, आणि काम पैशाअभावी राहून गेले. १८१५पासून जॉन नॅशने महाल उभारला, वेगळ्या आराखड्यावर. रेप्टनला ते फार लागले.

याचा अर्थ राजपुत्राची भेट बिनमहत्त्वाची होती असा नाही. पण कल्पना सेझिंकोटहून ब्रायटनला गेली ती एका कारागिराच्या डोक्यातून, राजपुत्राच्या भेटीआधी. अशा प्रकरणांत श्रेय नेहमी पाहुण्याला मिळते आणि काम करणारा मागे राहतो. त्यामुळे हा क्रम नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पुढे का सरकले नाही

१८१७च्या सुमारास जॉन मार्टिनने सेझिंकोटची दृश्ये काढली. प्रलय, कोसळती नगरे, विजांनी फाटलेले आकाश रंगवून पुढे गाजलेला हाच तो चित्रकार. चित्रांतून निघालेले घर बारा वर्षांत पुन्हा चित्रांत गेले. लोकप्रियतेची यापेक्षा ठळक खूण काय हवी? तरीही भारतीय धाटणीचे असे पुरे, राहते घर इंग्लंडमध्ये क्वचितच पुन्हा झाले. ब्रायटन हा राजाचा षोक होता, आणि हँपशरच्या मेल्चेट पार्कमध्ये १८००मध्ये डॅनियलच्याच आराखड्याने हेस्टिंग्जच्या गौरवार्थ बांधलेले 'हिंदू देऊळ' ही बागेतली शोभा होती.

एक कारण घरातच दिसते. बाहेर भारत आणि आत ग्रीस असेल, तर स्थानिक गवंड्याला, लहान जमीनदाराला उचलता येण्यासारखी बांधणीची रीत हाती येत नाही. गॉथिकची उदाहरणे प्रत्येक गावच्या चर्चमध्ये होती. छज्ज्याची मापे पाहायची तर डॅनियलचा महागडा संग्रह किंवा खुद्द डॅनियल गाठावा लागे. दुसरे कारण मनाचे. रोमँटिक माणसाला पडक्या मठात आपले पूर्वज दिसत. छत्री पाहून त्याला दूरदेशाचे स्वप्न पडे, पण त्यात त्याचे स्वतःचे कुणी नव्हते. संसदेची इमारत १८३४मध्ये जळाली, तेव्हा नवी इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन धाटणीचीच हवी अशी अट घालण्यात आली. राष्ट्राने आपली वास्तू निवडली होती.

आणि तिसरे कारण सर्वांत जड आहे. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या पिढीला भारतीय विद्येबद्दल आदर होता. कंपनीच्या १८१३च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, आणि १८१७मध्ये जेम्स मिलने भारतात पाऊल न टाकता लिहिलेला भारताचा इतिहास आला, ज्यात या संस्कृतीला खालच्या पायरीवर बसवले होते. राज्यकर्ते ज्याला मागासलेले म्हणू लागले त्याच्या देवळाची प्रतिकृती बागेत ठेवणे मग अवघड होत गेले. डॅनियलांच्या चित्रांत इमारती मोठ्या आहेत आणि माणसे लहान, ओळख नसलेली. त्या भारतावर प्रेम करणे सोपे होते. तिथल्या माणसांबद्दलचे मत बदलले, तेव्हा ते प्रेम टिकले नाही.

नंतरचे सेझिंकोट

कॉकरेल घराण्याकडून इस्टेट १८८४मध्ये विकली गेली. १९४४मध्ये सर सिरिल क्लाइनवर्ट आणि त्यांच्या पत्नीने ती घेतली तेव्हा डागडुजीची निकड होती. त्यांनी घर सावरले, आणि बागेच्या लागवडीसाठी बागतज्ज्ञ ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस यांची मदत घेतली. १९६०च्या दशकात लेडी क्लाइनवर्ट यांनी भारत पाहून आल्यावर घराच्या दक्षिणेला सरळ पाण्याचा पाट आणि त्याच्या कडेने ताठ उभी झाडे अशी मुघल बागेच्या वळणाची रचना केली. मुघल घराला मुघल बाग मिळायला दीडशे वर्षे लागली.

घर आज प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. मालकी खासगी आहे, पण हंगामात ठरावीक दिवशी बाग आणि घर पाहता येते. जाणाऱ्यांनी घुमटाचे छायाचित्र घेऊन परतू नये. पुलाशी थांबून ओढ्याकाठाने खाली उतरावे आणि खांबांना हात लावून पाहावा. लंडनमध्ये वेळ असेल तर टेटमधला पेशव्यांचा दरबार त्याच फेरीत पाहावा. दोन्हींचा आराखडा एकाच माणसाचा आहे. आणि घारापुरी अजून पाहिली नसेल, तर ती आधी.